आवाज केव्हा येतो?

गॅरेजमध्ये गाडी नेली की आवाज बंद होतो, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. आणि मग तिथला माणूस आपल्याकडे कसं बघतो तेही माहितीये. पण यात गाडीचा खोडसाळपणा काही नसतो, कारण अगदी साधं असतं. आवाज यायला एक ठरावीक परिस्थिती लागते. हायवेला ८०च्या स्पीडला येणारी घूंघूं गॅरेजच्या गल्लीत २०च्या स्पीडला कशी येणार? पावसाळ्यात सकाळी गाडी चालू केली आणि लगेच एसी लावला की बेल्ट कुईंss करून ओरडतो, तोच बेल्ट दुपारी इंजिन तापल्यावर आणि कोरडा झाल्यावर गप्प असतो. म्हणजे आवाज त्या रस्त्यावर, त्या स्पीडला, त्या वेळेलाच असतो, आणि तेव्हा तिथे हजर कोण असतं तर आपण. मेकॅनिक तिथे नसतोच.

म्हणून मला फार मनापासून वाटतं की गाडीचा आवाज शोधायचं अर्धं काम गाडी रोज चालवणाऱ्याचं आहे, आणि ते काम कुणालाही जमतं, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. फक्त एकच बघायचं, आवाज केव्हा येतो आणि केव्हा येत नाही. कुठला पार्ट गेलाय हे आपण ठरवायला जायचं नाही, कारण एकदा का आपण गॅरेजमध्ये जाऊन "बेअरिंग गेलंय बहुतेक" किंवा "शॉकअप बघा जरा" म्हणालो की समोरचा माणूस तोच पार्ट बघतो, तोच बदलतो, बिल होतं आणि आवाज आहे तिथेच राहतो. त्यापेक्षा "६०च्या पुढे येतो, क्लच दाबला तरी येतो, उजवीकडे वळताना वाढतो" एवढं सांगितलं तर चांगल्या मेकॅनिकला निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आमच्या गाडीचं सांगते. साधी पेट्रोल हॅचबॅक, बऱ्यापैकी जुनी, पण नीट ठेवलेली. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो आणि सासरचं गाव वाईजवळ, त्यामुळे नवले पूल, कात्रजचा नवीन बोगदा, खेड शिवापूर, खंबाटकी हा रस्ता नेहमीचा. थंडीत एकदा गावाला जाताना लक्षात आलं की गाडी ६०च्या वर गेली की एक घूंss असा आवाज येतोय, ८०ला तो एवढा वाढतो की मागच्या सीटवरच्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो, आणि स्पीड कमी केला की तोही खाली उतरतो. बोगद्यात शिरल्यावर मी काच चार बोटं खाली केली. हे कुणी करून बघितलं नसेल तर बघा, बोगद्याच्या भिंतीवरून गाडीचे सगळे आवाज परत आपल्याकडे येतात, मोकळ्या रस्त्यावर जे उडून जातं ते तिथे कानाशी येतं. बोगदाच पाहिजे असं नाही, सिंहगड रोडच्या नव्या उड्डाणपुलाच्या कठड्याशेजारून काच खाली करून गेलं तरी कळतं, फक्त तो कठडा ज्या बाजूला असेल त्या बाजूची चाकं जास्त ऐकू येतात हे लक्षात ठेवायचं. बोगद्यात ती घूंघूं एकदम मोठी झाली, म्हणजे आवाज गाडीच्या खालून बाहेर पडतोय, डॅशबोर्डच्या आतलं काही नाही एवढं नक्की झालं.

नवरा म्हणाला रस्ता खराब आहे, टायरचा आवाज असेल. सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर तिथल्या ॲडव्हायजरने गेटच्या बाहेर एक चक्कर मारली, ४०च्या वर काही गाडी गेली नसणार, आणि आल्यावर "मॅडम, नॉर्मल आहे, टायर जुने झालेत, चारही बदलून घ्या." चार टायर! गाडी चालवणारी बाई काही सांगते तेव्हा "तुम्हाला वाटतंय" हे वाक्य जरा जास्तच सहज येतं लोकांच्या तोंडात, हा माझा अनुभव आहे आणि मैत्रिणींचाही आहे. वाटतंय म्हणजे काय, ऐकू येतंय. रोज तीच गाडी चालवणाऱ्या माणसाच्या कानात त्या गाडीचा नेहमीचा आवाज पक्का बसलेला असतो, त्यात थोडा फरक पडला तरी कळतो. हे ज्ञान कुठल्याही स्कॅनरला नाही. स्कॅनर लावला तर सेन्सरचे कोड येतात, पण चाकाचं बेअरिंग (ज्या गोळ्यांच्या कड्यावर चाक फिरतं ते) घासतंय, लिंक रॉडचा (सस्पेन्शनमधल्या छोट्या दांडीचा) जॉइंट ढिला झालाय, सायलेन्सरचा पत्रा सुटलाय, या कशालाच कोड नसतो. हे सगळं अजूनही कानानेच शोधावं लागतं.

आमच्याकडे हे शोधलं माझ्या सासऱ्यांनी, आणि त्यांना कमी ऐकू येतं.

बाबांची सगळी नोकरी भोसरीला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे, झाली. त्या काळात कानात काही घालायची पद्धत नव्हती, दिवसभर प्रेसचे ठोके, त्याने कान गेले. पण असं कान जाण्याची एक पद्धत असते. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं जातं, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचं सर्वांत आधी, खालच्या पट्टीतलं बरंच टिकून राहतं. म्हणून बाबांना इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत नाही, नातीचं बारीक आवाजातलं बोलणं कळत नाही, पण खालून ट्रक गेला तर आमच्या आधी त्यांना कळतं. आणि ही बेअरिंगची घूंघूं म्हणजे खालच्या पट्टीतलीच, शे-दोनशे हर्ट्झच्या आसपासची.

पुढच्या वेळी गावाला जाताना ते पुढे माझ्या डावीकडे बसले होते. शिरवळच्या अलीकडे त्यांनी चपला काढल्या, मॅट बाजूला सारली आणि तळपाय पत्र्यावर टेकवून बसले. मी विचारलं बाबा काय झालं, तर मला हाताने थांब अशी खूण केली. थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, डाव्या पुढच्या चाकात आहे ते. पायाला येतंय." मग हात दारावर ठेवून बघितला, मग मागे वाकून मागच्या सीटखाली हात ठेवून बघितला, आणि म्हणाले मागे एवढं नाही.

मला तर तो आवाज मागून येतोय असं वाटत होतं. नंतर मी याबद्दल बरंच वाचलं आणि ते वाचताना खरंच मजा आली. आवाज कुठून येतोय हे आपला मेंदू ओळखतो ते दोन कानांमधल्या फरकावरून, आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो, आणि हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. मोकळ्या जागेत हे छान चालतं. गाडीत नाही चालत. एकतर १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, म्हणजे गाडीच्या आतल्या जागेपेक्षा मोठी, तिला दिशा अशी राहतच नाही, ती आख्ख्या केबिनमध्ये भरून राहते. दुसरं म्हणजे आवाज हवेतून येतो तसा पत्र्यातूनही येतो, हवेत त्याचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर आणि पोलादात ५००० मीटरच्या वर, म्हणजे चाकातून निघालेलं कंपन सस्पेन्शनमधून बॉडीत शिरतं आणि कुठल्या तरी तिसऱ्याच पत्र्यातून बाहेर पडतं. मागच्या डिकीचा पत्रा मोठा आणि सपाट, तो थरथरला की वाटतं आवाज मागे आहे.

पाय मात्र सहसा एवढा फसत नाही. आपल्या कातडीखाली कंपनं टिपणारे जे ग्राहक असतात, पॅसिनियन म्हणतात त्यांना, ते तळहात आणि तळपायात भरपूर असतात आणि साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या कंपनांना सर्वांत जास्त संवेदनशील असतात. म्हणजे बाबा जे करत होते त्यात अंदाज वगैरे नव्हता, ते बरोबर त्या जागी, त्या कंपनासाठी शरीरात जे बनलेलं आहे ते वापरत होते, शॉपमध्ये आयुष्यभर मशीनवर तळहात ठेवून बेअरिंग कसं चाललंय ते बघत आले तसं. चालवणाऱ्याला हे सुख नाही, त्याचे पाय पेडलवर. पण स्टिअरिंगला थरथर आली तर पुढची चाकं आणि सीटला आली तर मागची, एवढं चालवणाऱ्यालाही कळतं, साधारणपणे.

मग आम्ही दोघांनी मिळून बघायला सुरुवात केली. रविवारी सकाळी लवकर, रस्ता रिकामा असताना. पहिलं, गाडी उभी ठेवून इंजिन रेस केलं, ३००० आरपीएमपर्यंत. आवाज नाही. म्हणजे इंजिन नाही, बेल्ट नाही, अल्टरनेटर नाही. मग सपाट रस्त्यावर ७०ला क्लच पूर्ण दाबला, इंजिनचे आरपीएम खाली आले पण घूंघूं तशीच राहिली, स्पीड कमी झाला तशी हळूहळू उतरली. म्हणजे आवाज चाकांच्या फिरण्याशी बांधलेला आहे, इंजिनच्या नाही. हे एक बघितलं की अर्धी गाडी यादीतून बाद होते, म्हणून सगळ्यात आधी हेच बघावं. फक्त एक कळकळीने सांगते, हे करायचं ते सपाट, मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, आणि कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर तर चुकूनही नाही. त्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाड्या सोडल्याने आणि ब्रेक निकामी झाल्याने किती अपघात झालेत ते पुण्यात सगळ्यांना माहितीये. आवाज नंतरही शोधता येईल.

आता टायर की बेअरिंग. हे खरंच अवघड असतं, दोन्ही चाकासोबत फिरतात, दोन्ही घूंघूंच करतात, आणि ज्यांनी टायर बदला सांगितलं त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. टायर एका बाजूने किंवा टप्प्याटप्प्याने झिजला तर हुबेहूब असाच आवाज येतो. पण टायरचा आवाज रस्त्यावर अवलंबून असतो. डांबराच्या तुकड्यावरून काँक्रीटच्या तुकड्यावर गाडी गेली की टायरचा सूर बदलतो, बेअरिंगला खाली काय आहे त्याचं काही घेणंदेणं नसतं. (मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर हे बघू नका, सगळा काँक्रीट, तिथे टायरचाच आवाज एवढा असतो की बाकी काही कळत नाही.) आमचा आवाज दोन्हीकडे तसाच राहिला. शंका राहिलीच तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून बघायचे, आवाजाची जागा बदलली तर टायर, नाही बदलली तर बेअरिंग. अलाइनमेंट-बॅलन्सिंगवाला हे थोड्या पैशात करून देतो, चार नवीन टायर घ्यायच्या आधी एवढं करायला काय हरकत आहे?

आणि शेवटी बघायचं ते वळणावर. शहराबाहेरून जाणाऱ्या हायवेला, म्हणजे बायपासला, लांब, सौम्य वळणं आहेत. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचं वजन डावीकडे झुकतं, डाव्या चाकांवर भार वाढतो, डावं बेअरिंग खराब असेल तर आवाज वाढतो. डावीकडे वळलं की तो भार जातो आणि आवाज कमी होतो किंवा बंदच होतो. मी ७०चा स्पीड धरून ठेवला आणि उजव्या वळणाला घूंघूं एकदम चढली, डाव्या वळणाला जवळजवळ गेली. बाबांचा पाय पत्र्यावरच होता. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

एवढं सगळं करूनही गॅरेजमध्ये मी "डावं पुढचं बेअरिंग" म्हणाले नाही. आधी सांगितलं तेच, केव्हा येतो आणि केव्हा येत नाही. धायरी फाट्याच्या आत एक गॅरेज आहे, छोटं, एक लिफ्ट, दोन पोरं आणि काका. काकांनी ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, मग विचारलं, "ताई, ब्रेक मारल्यावर फरक पडतो का?" नाही म्हटलं. "थंड असताना पण येतो?" हो. "पाण्यातून गेली होती का गाडी?"

हा प्रश्न मला अपेक्षितच नव्हता. गेली होती. २०२४च्या जुलैमध्ये, २५ तारखेला, सिंहगड रोडला एकतानगरी भागात नदीचं पाणी शिरलं, खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला होता, त्या दिवशी नवऱ्याने गाडी चाक अर्धं बुडेल एवढ्या पाण्यातून काढली होती. इंजिन वाचलं म्हणून आम्ही सगळे खूश होतो. काका म्हणाले की असं पाणी बेअरिंगच्या सीलमधून आत जातं, ग्रीस धुऊन नेतं, उरलेलं ग्रीस दुधाळ होतं, मग आत गंज धरतो आणि गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात. लगेच काही कळत नाही. महिने जातात आणि मग एक दिवस घूंघूं. त्यात आपले रस्त्यावरचे खड्डे, तो मार वेगळाच.

मग ते स्वतः गाडीत बसले, चालवायला मला सांगितलं, आणि ते मागच्या सीटवर. हे मला फार आवडलं. ज्याला आवाज माहितीये तिने तो काढायचा आणि ज्याला कळतं त्याने ऐकायचं, किती साधी गोष्ट आहे, पण मोठ्या सर्व्हिस सेंटरला गाडी आपल्या हातातून घेतात आणि आपण काचेच्या पलीकडे सोफ्यावर. बायपासला जाऊन आलो. परत आल्यावर काका म्हणाले, "पुढचं डावं वाटतंय, पण वळणावरून पक्कं नसतं, लिफ्टवर बघू."

लिफ्टवर गाडी चढवली. आधी चाक वर-खाली धरून हलवलं, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ जिथे असतात तिथे हात ठेवून. प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. एखादा तिथेच थांबला असता आणि म्हणाला असता बेअरिंग चांगलं आहे. काकांनी पोराला चाक हाताने जोरात फिरवायला सांगितलं आणि स्वतःचा तळहात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवला. मग मला म्हणाले, ठेवा हात. स्प्रिंगमधून बारीक खरखर येत होती, कानाला काही ऐकू येत नव्हतं पण हाताला स्पष्ट. उजव्या बाजूला तीच गोष्ट केली तर स्प्रिंग शांत. मी बाबांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि "हं" म्हणाले.

बेअरिंग काढायला हायड्रॉलिक प्रेस लागते, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) दाबून बाहेर काढायचं, बेअरिंग अडकवून ठेवणारी सर्क्लिप काढायची, मग बेअरिंग, आणि नवीन बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्यायचा, नाहीतर नवीन बेअरिंग बसवतानाच खराब होतं आणि मग गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट होता. डुप्लिकेट असतातही, नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत सगळं मिळतं, चांगलंही आणि वाईटही, म्हणून काका ठरलेल्या एकाच दुकानातून आणतात. बाबांचं मत की बेअरिंग घ्यायचं तर नावाचंच घ्यायचं, चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे, तिथली माणसं त्यांच्या ओळखीची होती, बेअरिंगच्या बाबतीत ते कधी तडजोड करत नाहीत. जुनं बेअरिंग बाहेर आलं ते त्यांनी हातात घेऊन बोटाने फिरवलं आणि मला दिलं. दाताखाली खडा आल्यासारखं लागत होतं. आतलं ग्रीस तांबूस, गंजाचं.

हे एक प्रकरण झालं, पण त्यानंतर मी आवाजांकडे खूपच लक्ष द्यायला लागले आणि ओळखीच्या लोकांच्या गाड्यांमध्ये बसून ऐकायला लागले. बरेचसे आवाज घाबरण्यासारखे नसतात. सर्वांत आधी गाडी रिकामी करायची, डिकीतला जॅक, स्टेपनीचा बोल्ट, दाराच्या खाचेतली बाटली, ग्लव्ह बॉक्समधली नाणी, सीटबेल्टचं बक्कल जे पिलरवर आपटतं. बाटली मात्र सीटखालून घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली जाऊ शकते, ते भयंकर आहे, बाटली पुढे ठेवूच नका. टायरच्या खाचेत खडी अडकली की टकटक येते आणि ती ओळखायची एक छान रीत आहे, मोजायची. लहान गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण १.८ मीटर जातं, म्हणजे २०च्या स्पीडला सेकंदाला तीनेक फेऱ्या. सेकंदाला तीन टक, गाडी हळू केली की दोन, थांबली की बंद, तर ते चाकातच आहे. इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी सेकंदाला तेरा-चौदा फेऱ्या घेतं, त्यातली टकटक मोजताच येत नाही, आणि ती गाडी उभी असतानाही येते.

स्टिअरिंग पूर्ण वळवून सोसायटीच्या पार्किंगमधून बाहेर पडताना कट-कट-कट आलं तर एक्सलचा सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारा सांधा), त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं चाकाच्या आतल्या बाजूला दिसतं. बूट वेळेवर बदलला तर थोडक्यात सुटतं, नाहीतर पूर्ण एक्सल. लहान खड्ड्यांवर हळू जाताना खटखट आली तर बहुतेक वेळा लिंक रॉड, आणि ते बघायला स्पीडब्रेकरवरून फक्त एका बाजूची चाकं नेऊन बघायची, मग दुसऱ्या बाजूची. सायलेन्सरवरचा पातळ पत्रा सुटला तर एका ठरावीक आरपीएमलाच थरथरतो, त्याच्या वर नाही, खाली नाही, एका क्लिपमध्ये काम होतं. क्लच दाबल्यावर आवाज येतो तर क्लचचं रिलीज बेअरिंग, आणि क्लच दाबल्यावर जो आवाज जातो तो गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून नेणं लोक करतात, पण खटखट, टकटक असेल तर ठीक, घूंघूं मोबाइलमध्ये बहुतेक वेळा नीट येत नाही, बरेच फोन खालच्या पट्टीचा आणि एकसारखा चालणारा आवाज नको असलेला समजून दाबून टाकतात.

मात्र काही आवाजांना "बघू नंतर" म्हणायचं नाही. ब्रेक मारल्यावर बारीक चूंss आली तर पॅडवरची पट्टी सांगतेय की पॅड संपत आले, ते अजून सांगणं आहे. तिथे लोखंड लोखंडावर घासल्यासारखा खर्र आवाज आला तर पॅड संपलेत, डिस्क कापली जातेय आणि ब्रेक कमी लागतोय. पंक्चर काढून आल्यावर किंवा टायर बदलल्यावर थडथड सुरू झाली आणि वाढत गेली तर लगेच बाजूला घ्या आणि चाकाचे नट बघा. ऑइलचा लाल दिवा आणि इंजिनमधून खडखड एकत्र आली तर जागच्या जागी इंजिन बंद, पुढचा पंप, पुढचा चौक, काही नाही. आणि ते बेअरिंगसुद्धा, घूंघूं करत महिनोन्‌महिने चालतं म्हणून लोक चालवतात, पण प्ले सुरू झाल्यावर चाक डगमगायला लागतं आणि ते हायवेला. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून मला याचं जास्त वाटतं, त्यांच्यासारखी कितीतरी वयस्कर माणसं एकटी गाडी चालवतात, त्यांना ब्रेकची चूं ऐकूच येणार नाही. त्यांच्या गाडीत घरच्या कोणीतरी तरुण कानाने महिन्यातून एकदा तरी काच खाली करून एक चक्कर मारावी.

आपल्या पुण्यात टेकडीवर एआरएआय आहे, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, गाड्या तपासणारी संस्था, १९६६ला स्थापन झालेली. त्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या बऱ्याच जणांना माहिती नसतं की तिथेच गाड्यांचे आवाज आणि कंपनं मोजायची आख्खी प्रयोगशाळा आहे. गाडी बाजारात येण्याआधी तिचा आवाज मोजणं हे किती मोठं शास्त्र आहे, त्यासाठी शिकलेली माणसं लागतात आणि त्यांना त्याचा पगार मिळतो, मिळायलाच पाहिजे. पण तीच गाडी आठ-दहा वर्षं जुनी झाल्यावर तिचा आवाज शोधणाऱ्याला काय मिळतं? काकांनी बिल लिहिलं त्यात बेअरिंग होतं, प्रेसिंग होतं, मजुरी होती. बायपासला मागच्या सीटवर बसून जे ऐकलं, पाण्याचा तो एक प्रश्न विचारला, स्प्रिंगवर हात ठेवून जे ओळखलं, त्याचं काहीच नव्हतं. म्हणजे आपल्याकडे पैसे पार्टला आणि पाना फिरवण्याला. मग ज्याला ऐकून कळत नाही तो चार टायर विकतो आणि जास्त कमावतो, आणि ज्याला कळतं तो एक बेअरिंग बदलून कमी कमावतो. हे मला अजिबात पटत नाही. निदानाचे पैसे वेगळे घ्यायला हवेत आणि आपण ते कुरकुर न करता द्यायला हवेत, आवाज सापडला नाही तरी द्यायला हवेत, कारण "यात काही नाही, बिनधास्त चालवा" हे खात्रीने सांगायलाही तोच कान लागतो.

मी काकांना म्हटलं, टेस्ट ड्राइव्हचे आणि चेकिंगचे लावा. "ऐकायचे कसले पैसे ताई," म्हणाले. बाबांनी ते कसं काय ऐकलं कोण जाणे, पण ते मध्येच बोलले, "लावा हो. आमच्या शॉपमध्ये तुमच्यासारखा एक जण असता ना, तर निम्म्या मशीन वाचल्या असत्या." काकांनी मग बिलावर सगळ्यात खाली एक ओळ वाढवली, चेकिंग, आणि समोर तीनशे लिहिले. मी त्यांना सांगितलं की पुढच्या गिऱ्हाइकालाही लिहा. लिहितात की नाही ते मी पावसाळ्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगला जाईन तेव्हा विचारणार आहे.